कातळाच्या फटीतून सुरुवात : जोधपूरच्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कचा प्रकरण अभ्यास

जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी, जसवंत थडा या राजघराण्याच्या समाधीस्मारकाच्या बाजूला, सुमारे ७० हेक्टरांचा उघडा कातळ पसरलेला आहे. किल्ल्याची व्यवस्था पाहणाऱ्या मेहरानगढ म्युझियम ट्रस्टने २००६ साली या कातळावर थरच्या वाळवंटातील मूळच्या वनस्पती पुन्हा आणण्याचे काम हाती घेतले. आराखडा आणि देखरेख प्रदीप क्रिशन यांच्याकडे होती. चित्रपट दिग्दर्शन सोडून ते झाडांच्या अभ्यासाकडे वळले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये ही जागा ‘राव जोधा डेझर्ट रॉक पार्क’ या नावाने लोकांसाठी खुली झाली. ज्या राजाचे नाव या उद्यानाला दिले आहे, त्याने १४५९ मध्ये याच टेकडीवर किल्ल्याचा पाया घालून जोधपूर वसवले.

मी सोलापूर जिल्ह्यात माळरानावरच्या सार्वजनिक जागांसाठी गवते, झुडपे आणि रानफुले यांचे आराखडे करते. या कामात मला सर्वांत जास्त शिकवले ते जोधपूरच्या या एका प्रकरणाने, म्हणून ते येथे सविस्तर मांडत आहे. माती जवळजवळ नाही, पाऊस थोडा, ऊन प्रखर, जागेवर एका परक्या झाडाचा कित्येक दशकांचा ताबा, आणि तटावरून रोज शेकडो पर्यटकांची नजर ज्यावर पडते असे ठिकाण, अशी ही अवघड जागा होती. त्यांपैकी परक्या झाडाचा ताबा तेवढा आराखड्याने हटवला. बाकीच्या अडचणी दूर करण्याऐवजी त्या जशा आहेत तशाच धरून, त्यांच्यासह जगू शकतील अशा वनस्पती शोधण्यात सर्व शक्ती घातली गेली. या प्रकरणाचे मोल मला या निर्णयात दिसते.

कातळ

मेहरानगढची टेकडी ऱ्हायोलाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाची आहे. ‘मालानी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खडकसमूहाचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे मानले जाते, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी ज्या ठिकाणी या खडकावर नंतरच्या काळातला वालुकाश्म टेकलेला दिसतो, ते ठिकाण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केलेले आहे. ज्वालामुखीचा खडक म्हटले की आपल्याला सह्याद्रीचा काळा पाषाण आठवतो, पण वनस्पतींच्या दृष्टीने या दोन खडकांत मोठे अंतर आहे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, त्यात सिलिका कमी, लोह आणि कॅल्शियम जास्त. हवापाण्याने तो कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी माती होते, आणि या प्रत्येक टप्प्यावर मुळांना कोठे ना कोठे शिरकाव मिळतो. ऱ्हायोलाइटमध्ये सिलिका भरपूर असते, म्हणून तो कठीण असतो, फार सावकाश झिजतो, आणि त्यातून जी थोडी माती निघते ती निकस असते. अशा खडकात मुळाला वाट मिळते ती फक्त भेगांमधून. खडक थंड होताना पडलेल्या आणि पुढे भूगर्भातील ताणांनी वाढलेल्या या भेगा काही ठिकाणी बोटभरही रुंद नसतात, पण त्यांत वाऱ्याने आलेली धूळ, पाण्याने आणलेली बारीक खडी आणि गळलेल्या पानांचा चुरा साठत जातो. माती म्हणून या जागेकडे जे काही होते, ते एवढेच.

जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या साधारण निम्मा, आणि तो बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळातल्या मोजक्या सरींत येतो. कातळावर पडलेले पाणी क्षणभरही थांबत नाही. ज्यांनी हे शहर वसवले त्यांनी याच गोष्टीचा उपयोग करून घेतला होता, कारण न मुरणारे पाणी साठवणे सोपे असते. उद्यानातून जाणारी, खडकात खोदून काढलेली ‘हाथी नहर’ ही पावसाचे पाणी किल्ल्याखालच्या तलावाकडे नेण्यासाठीच होती. आज तिच्या तळातून उद्यानातील एक पायवाट जाते आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कापांत खडकाचे थर व भेगा उघड्या दिसतात. वनस्पतींची मुळे आत कोठे जात असतील हे समजून घ्यायचे असेल तर या नहरीत अर्धा तास शांतपणे उभे राहावे, असे मी प्रत्येकाला सांगते.

तटावरून पाहिले तर हा कातळ एकसारखा वाटतो. खाली उतरून चालू लागले की त्यात किती प्रकारच्या जागा आहेत ते कळते. उघडा सपाट खडक, त्यावरचे वाटीसारखे उथळ खळगे, भेगा, उताराच्या तळाशी साठलेली खडी, सावलीतले घळीचे तोंड, जुन्या बांधकामाच्या चुन्याने क्षारयुक्त झालेली भिंतीलगतची पट्टी, यांतल्या प्रत्येक ठिकाणी ओल वेगळी, उष्णता वेगळी आणि मातीची खोलीही वेगळी. ७० हेक्टरांचा एकच आराखडा काढायला बसलेल्या माणसाला या जागा कागदावर दिसणारच नाहीत.

वेडी बाभूळ

काम सुरू झाले तेव्हा या कातळावर बहुतेक ठिकाणी प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा हे मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडचे काटेरी झाड होते. मारवाडात त्याला ‘बावळिया’ म्हणतात आणि ‘वेडा’ असा त्याचा अर्थ तेथे सांगितला जातो. आपल्याकडे, विशेषतः उजनीच्या काठापासून सोलापूरपर्यंतच्या पट्ट्यात, याच झाडाचे नाव वेडी बाभूळ आहे. एकमेकांपासून एवढ्या दूरच्या दोन प्रदेशांतल्या लोकांनी एकाच झाडाला तोच शब्द द्यावा, यावरून त्याच्या वाढीचा अनुभव सर्वत्र किती सारखा होता याची कल्पना येते.

हे झाड भारतात १८७७ च्या सुमारास आणले गेले. मारवाडात त्याचा मोठा प्रसार १९३० च्या दशकात झाला. उघड्या टेकड्या हिरव्या व्हाव्यात म्हणून महाराजांनी विमानातून त्याचे बी पेरले, असे जोधपुरात सांगितले जाते. १९४० मध्ये जोधपूर संस्थानाने त्याला राजवृक्षाचा दर्जा देऊन प्रजेने त्याचे रक्षण करावे असे फर्मावले. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, हे येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. जळणाची टंचाई खरी होती, धूळ खरी होती, आणि ज्या झाडाला पाणी घालावे लागत नाही असे झाड कोणत्याही प्रशासकाला वरदानच वाटले असते. चूक झाली ती एवढीच की उघडा कातळ म्हणजे ओसाड जागा असे मानले गेले. त्या कातळावर थोर होता, गुग्गुळ होता, पावसाळ्यात उगवून दोन महिन्यांत बी धरणारी गवते होती, पण जंगलाच्या कल्पनेत ती बसत नव्हती, म्हणून ती कोणाच्या हिशेबातच आली नाहीत.

वेडी बाभूळ तोडून मरत नाही. तिच्या बुंध्याच्या जमिनीखालच्या भागात सुप्त डोळे असतात. वरचे खोड कापले की ते जागे होतात आणि एका खोडाच्या जागी चार-सहा फोक येतात. शेंगा गोड असल्याने शेळ्या आणि गुरे त्या आवडीने खातात, कठीण कवचाचे बी पचत नाही, आणि लेंडीबरोबर ते नव्या जागी खतासकट पडते. तिच्या पानांच्या कचऱ्यातील द्रव्यांमुळे इतर बियांची उगवण कमी होते, हेही अनेक प्रयोगांतून दिसलेले आहे. त्यामुळे स्थानिक वनस्पती मधल्या जागांत लावून कालांतराने त्या हिला मागे टाकतील अशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. तिचे डोळे असलेला मुळाचा भाग काढायचा म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर खोल जायचे, आणि येथे ते ४५ सेंटिमीटर कठीण ऱ्हायोलाइटमधले होते.

खंडवालिया

या टप्प्यावर कामाला दिशा मिळाली ती वनस्पतीशास्त्राच्या बाहेरून. जोधपूरच्या परिसरात वालुकाश्माच्या खाणी पुष्कळ आहेत आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या दगड काढणाऱ्या कारागिरांना खंडवालिया म्हणतात. छिन्नी आणि हातोडा एवढ्या हत्यारांवर त्यांचे काम चालते. खडकावर हातोड्याचा हलका ठोका मारून ते आवाज ऐकतात, आणि त्या आवाजावरून आत खडक कसा पसरला आहे, भेग कोणत्या बाजूला वळते, कोठे घाव घातला तर तो सुटेल, हे ठरवतात. आपल्याकडे खाणीवर काम करणाऱ्या वडार मंडळींना ज्याने पाहिले असेल त्याला हे नवल वाटणार नाही. पहारीचा एक ठोका घालून ‘येथून फुटेल’ असे सांगणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत, आणि ते सांगणे चुकल्याचे मला आठवत नाही.

खंडवालियांनी एकेका बाभळीभोवतीचा खडक छिन्नीने फोडत, मुळाचा तो भाग उघडा करून काढून टाकला. यंत्राने हे काम झाले नसते असे मी म्हणणार नाही, पण यंत्राने झाले असते तर खड्डा कोठेही आणि कसाही झाला असता, आणि आजूबाजूचा खडक खिळखिळा झाला असता. हाताने काम झाल्यामुळे खडक हवा तेवढाच फुटला आणि प्रत्येक बाभळीच्या जागी एक लहान, खडबडीत कडांचा खड्डा राहिला.

आता या खड्ड्याकडे नीट पाहू. वरून तो साधारण घमेल्याएवढा दिसतो. कडा दातेरी, छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट, आतल्या भिंतीवर जुन्या मुळाची तांबूस रेघ, आणि तळाशी ती रेघ जेथे नाहीशी होते तेथे एक काळी फट. ही फट येथली सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. कोणत्याही झाडाला अखंड खडकात मूळ घालता येत नाही. बाभळीला ते येथे घालता आले याचा अर्थ येथे खाली जाणारी वाट आहे, त्या वाटेत थोडी माती आहे आणि पावसाचे पाणी तिच्यातून खाली उतरते. कित्येक दशके या कातळावर पडलेल्या अगणित बियांपैकी ज्यांना अशी वाट सापडली त्याच झाडे झाल्या, बाकीच्या वाळून गेल्या. म्हणजे आराखडा करणाऱ्याला हवी असलेली संपूर्ण पाहणी, खडकात मुळाला कोठे जागा आहे याचा नकाशा, त्या नकोशा झाडानेच करून ठेवला होता. स्थानिक रोपे लावण्यासाठी या खड्ड्यांचाच उपयोग करण्यात आला.

आपल्याकडे वृक्षारोपणाचे खड्डे दोरीने मारलेल्या रेषांवर, ठरावीक अंतराने घेतले जातात, मग खाली पाषाण लागो की मुरूम. अंदाजपत्रकात खड्ड्यांची संख्या आणि मापे लिहायची असतात म्हणून ते सोयीचे पडते. जोधपूरची पद्धत अशा अंदाजपत्रकात बसवणे कठीण आहे हे मी मान्य करते, कारण खड्डा कोठे येणार हे काम सुरू होईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.

काय लावायचे

उत्तर पुस्तकात नव्हते. थरच्या वनस्पतींवर लिहिले गेलेले बहुतेक साहित्य वाळूच्या टेकड्या, चराऊ कुरणे आणि शेतीच्या बांधांवरची झाडे यांच्याविषयी आहे. कातळावर काय जगते ते पाहायचे तर कातळच शोधावे लागतात. म्हणून थरमध्ये जेथे जेथे अशा खडकाळ टेकड्या अजून शाबूत आहेत तेथे जाऊन, कोणती वनस्पती खडकाच्या कोणत्या भागात उभी आहे ते पाहून निवड करण्यात आली. खडकावर आणि फटीत राहण्याची सवय असलेल्या वनस्पती ही या उद्यानाची मुख्य प्रजा आहे.

त्यांत पहिला मान थोराचा. हा निवडुंगासारखा दिसणारा, पण युफोर्बिया कुळातला, चिकाचा आणि काटेरी झुडपांचा पुंजका मारवाडच्या टेकड्यांची ओळखच आहे. पावसात त्याला मांसल पाने येतात, पाऊस सरला की ती गळून जातात आणि पुढचे महिने हिरव्या फांद्याच अन्न तयार करण्याचे काम करतात. थंडीच्या अखेरीस त्याच्यावर लालसर फुले येतात. आराखड्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळेच आहे. शेळी त्याला तोंड लावत नाही, त्याच्या पुंजक्यात वाऱ्याची धूळ आणि पाने अडकतात, आतली जमीन बाहेरच्यापेक्षा थंड राहते, आणि पक्ष्यांनी टाकलेले बी तेथे निर्धास्त रुजते. मी एका थोरापाशी खाली बसून आत पाहिले तेव्हा त्याच्या बुंध्याशी दोन प्रकारची गवते, एक वेल आणि बोराचे बोटभर रोप मोजले. त्या पुंजक्यापासून हातभर अंतरावरचा खडक मात्र कोरडा ठणठणीत होता. यांपैकी काहीही कोणी लावलेले दिसत नव्हते.

थोराबरोबर कुमट, केर, गोंदणी, गुग्गुळ, हिंगोटा, रोहिडा ही झाडे-झुडपे आहेत. मराठी वाचकाला यांतली अनेक घरचीच वाटतील. केर म्हणजे आपली नेपती, हिंगोटा म्हणजे हिंगणबेट, आणि मारवाडची खेजडी म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी. कुमटाचे बी आणि केराची फळे तेथल्या पंचकुट्याच्या भाजीत पडतात, त्यामुळे तेथल्या लोकांशी या झाडांची ओळख नव्याने करून द्यावी लागली नसावी. या सर्वांनी पाणी वाचवण्याच्या ज्या वेगवेगळ्या युक्त्या साधल्या आहेत त्या एकाच पायवाटेवर पाहायला मिळतात: केराला वर्षातला बहुतेक काळ पानेच नसतात, गुग्गुळ पाने टाकून खोडाच्या हिरव्या सालीवर तग धरतो, आणि खिंप तर नुसत्या हिरव्या काड्यांचा झाडूच वाटतो.

अशी रोपे कोणत्याही रोपवाटिकेत विकत मिळत नाहीत. स्थानिक वनस्पतींच्या प्रत्येक प्रकल्पात हीच पहिली अडचण येते आणि अंदाजपत्रकात तिची तरतूद जवळजवळ कधीच नसते. उद्यानाने स्वतःची रोपवाटिका उभारली आणि थरमधून आणलेल्या बियांपासून रोपे वाढवली. बी पक्व कधी होते, शेंग तडकण्याआधी किती दिवस हाताशी असतात, कोणत्या बियांना ओरखडा द्यावा लागतो, कोणते ताजे पेरले तरच उगवते, ही माहिती प्रत्येक जातीसाठी स्वतः मिळवावी लागते आणि एक हंगाम चुकला की पूर्ण वर्ष जाते. काम सुरू झाल्यापासून उद्यान उघडेपर्यंत गेलेली सुमारे पाच वर्षे मला म्हणूनच जास्त वाटत नाहीत.

गवत

माझे स्वतःचे काम गवताचे असल्याने या भागाकडे माझे लक्ष अधिक गेले, आणि माझ्या मते आराखड्यातील सर्वांत नाजूक भाग हाच आहे. झाडे आणि झुडपे खड्ड्यांत लावता येतात, पण खड्ड्यांच्या मधली जागा, म्हणजे बहुतेक सर्व कातळ, गवतांची आणि पावसाळी वनस्पतींची असते. ऑगस्टमध्ये या कातळाला जो हिरवा रंग चढतो तो त्यांचाच.

खडकावरची गवते कुरणातल्या गवतांहून वेगळी असतात. ओरोपेटियम नावाचे एक गवत जेमतेम दोन-चार इंच वाढते. त्याचे पाते पूर्ण वाळून करडे होते आणि पाऊस आला की तेच पाते पुन्हा हिरवे होते. अॅरिस्टिडासारखी कुसळांची गवते दोन महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. जेथे खडी आणि माती थोडी जास्त आहे तेथे धामण येते, जिला आपल्याकडे अंजन गवत म्हणतात. जवळून पाहिल्यास या बियांची बांधणी अशा जागेसाठीच घडवल्यासारखी वाटते. अॅरिस्टिडाच्या दाण्याला तीन लांब कुसळे आणि खाली तीक्ष्ण टोक असते. वाऱ्याने दाणा घरंगळत जातो आणि जेथे भेग लागते तेथे टोक आत व कुसळे वर अशा स्थितीत अडकून बसतो. पाऊस पडतो तेव्हा दाणा बरोबर फटीत असतो. मी कागदाच्या पुडीतून कातळावर टाकलेले बी फटीत जाईलच असे नाही, पण वाऱ्याला सहा महिने मिळाले तर तो ते काम माझ्यापेक्षा चांगले करतो.

यातून आराखड्याला लागू पडणारी एक गोष्ट निघते. यांतल्या अनेक गवतांचे बी ताजे असताना नीट उगवत नाही. धामणीसारख्या गवतांच्या बियांना काढणीनंतर काही महिने विसावा लागतो. निसर्गात दाणे थंडीत गळतात, उन्हाळाभर तापतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. म्हणून बी गोळा करून लगेच पेरण्याचा आणि तीन आठवड्यांत हिरवळ दाखवण्याचा आग्रह धरला तर हाती काहीच लागत नाही. शिवाय सगळे बी एकाच सरीला उगवत नाही, काही मागे राहते, आणि पहिल्या सरीनंतर महिनाभर खंड पडला तर पुढच्या सरीला तेच उपयोगी येते. पेरणी करणाऱ्याला ही उगवण अपुरी वाटते, पण वाळवंटात तिच्यामुळेच गवत टिकते.

निगा आणि लोक

उद्यान उघडले तरी वेडी बाभूळ संपलेली नाही. शहर तिने वेढलेले आहे, बी येतच राहते, आणि दर पावसाळ्यानंतर तिची रोपे शोधून लहान असतानाच उपटावी लागतात. बोटभर रोप एका हाताने निघते; दोन पावसाळे गेले की पुन्हा छिन्नी लागते. असे काम कधीच पूर्ण होत नाही, त्यामुळे एकरकमी निधीवर उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचा शेवट बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्षी होतो. येथे जागेला एक कायमस्वरूपी मालक-संस्था आहे, तिकिटाचे उत्पन्न आहे आणि जागेवरची माणसे वर्षानुवर्षे तीच आहेत, याचा वाटा मोठा आहे.

दुसरा प्रश्न नजरेचा. एप्रिल-मे महिन्यांत हे उद्यान तपकिरी दिसते. गवत वाळलेले, केर बिनपानाचा, थोर तेवढा हिरवा. बाग म्हणजे हिरवळ आणि कारंजे असे ज्याच्या मनात आहे त्याला ही जागा दुर्लक्षित वाटण्याची शक्यता असते. उद्यानाने यावर दिलेले उत्तर म्हणजे पायवाटा, सोबत चालून सांगणारे जाणकार, आणि सिंघोरिया पोळ या शहराच्या जुन्या दरवाजातील माहितीदालन. वाळलेले गवत का कापलेले नाही हे एकदा कोणी समजावून सांगितले की माणूस त्या गवताकडे वेगळ्या नजरेने पाहतो, हा अनुभव मी माझ्या जागांवरही घेतला आहे. मात्र त्यासाठी सांगणारा माणूस तेथे असावा लागतो, फलक पुरत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझे मन पूर्ण निश्चिंत होत नाही. वेडी बाभूळ हे गरिबांचे जळण आहे. सोलापूरच्या आसपास तिच्या कोळशावर आणि फाट्यावर चालणारी घरे मला माहीत आहेत. ७० हेक्टरांच्या राखीव जागेतून ती काढणे योग्यच होते, पण हीच पद्धत हजारो हेक्टरांवर नेऊ म्हणणाऱ्याने चुलीचा प्रश्न आधी सोडवावा. शिवाय एकेका खोडाभोवती छिन्नी चालवण्याची पद्धत मोठ्या क्षेत्रावर परवडणारीही नाही. लहान, लोकांच्या नजरेसमोरच्या आणि खडकाळ जागेसाठीच ती योग्य आहे.

आमचा माळ

जोधपूरला जाण्याआधी आम्ही एका संस्थेच्या आवारातील माळावर काम केले होते. यंत्राने दोन फूट खोल खड्डे घेतले, त्यांत बाहेरून आणलेली काळी माती भरली आणि शमी, हिवर, नेपती लावली. पावसाळ्यात ते खड्डे बादल्यांसारखे भरून राहिले, कारण भोवतालच्या घट्ट मुरमातून पाणी निघायला वाट नव्हती. उन्हाळ्यात काळी माती आकसून खड्ड्याच्या कडेपासून सुटली आणि मुळे उघडी पडली. जी रोपे जगली त्यांतली काही आम्ही नंतर उपटून पाहिली तेव्हा मुळे खड्ड्याच्या आतच गोल फिरलेली होती. ती जमिनीत लावली गेलीच नव्हती, मोठ्या कुंडीत लावली गेली होती. मधल्या माळावरचे गवत तर आम्ही खड्ड्यांची माती पसरून स्वतःच दाबून टाकले होते. तो आराखडा माझा होता, त्यामुळे दोषही माझाच.

पुढच्या कामात आम्ही यंत्र आणले नाही. माळावरच्या वेड्या बाभळींना चुन्याच्या खुणा केल्या, जवळच्या वस्तीतल्या वडार कारागिरांनी पहारीने त्या मुळासकट काढल्या, आणि त्याच खड्ड्यांत तेथलाच चाळलेला मुरूम भरून रोपे लावली. बेसॉल्टच्या मुरमात ऱ्हायोलाइटसारख्या स्पष्ट फटी नसतात, पण बाभळीने शोधलेल्या मऊ जागा असतात आणि पहारीचा आवाज तेथेही बदलतो. काढलेले लाकूड वस्तीत गेले. गवतासाठी आम्ही काहीच खणले नाही; शेजारच्या चराई नसलेल्या पट्ट्यातून डिसेंबरमध्ये पवन्या, शेडा आणि कुसळीचे बी कापणीसकट आणून माळावर उघडेच पसरले आणि त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून बाभळीच्या काटेरी फांद्या टाकल्या. त्या फांद्यांनी शेळ्याही अडवल्या.

पहिल्या पावसाळ्यात संस्थेच्या लोकांना माळावर फारसे काही दिसले नाही. मला फांद्यांच्या खाली, जेथे सावली होती तेथे, शेड्याचे कोंब दिसले. दुसऱ्या वर्षी कुसळी कंबरेपर्यंत आली आणि तिच्यात चंडोलाने घरटे केले. यंदा जूनआधी आम्ही पुन्हा एकदा माळ पायी फिरून बाभळीची नवी रोपे उपटणार आहोत. मागच्या वर्षीपेक्षा ती कमी आहेत की नाहीत हे पाऊस पडून गेल्यावर कळेल.